नाव बदललं आणि पान बंद पडलं

२०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं. फेब्रुवारीत शहराच्या नव्या नावाला केंद्राची मंजुरी आली, सप्टेंबरात जिल्हा आणि तालुक्याच्या नावाची अधिसूचना निघाली. पाट्या रंगवणारे, रबरी शिक्के करणारे, लेटरहेड छापणारे यांना त्या वर्षी श्वास घ्यायला फुरसत नव्हती. मलाही नव्हती. शहरात माझं छोटं दुकान आहे. पूर्वी एमएस-सीआयटी शिकवायचो. आता कॉलेजं, पतसंस्था, तुळजापूरचे लॉजवाले, भूम भागातले खव्याचे व्यापारी यांच्या वेबसाइटी सांभाळतो.

त्या दिवसांत येणाऱ्या फोनचे दोनच प्रकार होते. एक: “सर, नुसतं नाव बदललं हो, दुसऱ्या कशाला हात लावला नाही. आता पानच उघडेना.” दुसरा: “सर, पानावर काहीतरी इंग्रजी उमटायलंय. कंस, डॉलर, काय की.” दोन्हीकडे तक्रार करणाऱ्याचं निदान सारखंच असायचं: कोड चालत नाही, कोड नीट करा.

माझा अनुभव असा की अशा वेळी कोड वाचायला बसणं ही सगळ्यात शेवटची पायरी. कोड चालला नाही याची दोन साफ वेगळी कारणं असतात. एक तर तो ज्यानं चालवायचा त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. किंवा पोचला, त्यानं वाचायला घेतला आणि तो मध्येच अडला. यातलं काय झालं ते आधी कळलं, तर अर्धं काम तिथंच उरकतं. आणि ते कळायला प्रोग्रॅमर असावं लागत नाही. ऑफिसातल्या क्लार्कलाही ते जमतं.

पानाच्या पोटातला कोड

वेबसाइटचं पान दोन प्रकारच्या मजकुराचं असतं. एक साधा मजकूर: मथळे, परिच्छेद, चित्रं, कोष्टकं. तो एचटीएमएलमध्ये लिहिलेला असतो आणि आपल्या मोबाइलमधला ब्राउझर तो वाचून पडद्यावर मांडतो. दुसरा मजकूर म्हणजे सूचना: ‘आजची तारीख इथं टाक’, ‘डेटाबेसातून आजचा सोयाबीनचा भाव काढून इथं लिही’. या सूचना ब्राउझरसाठी नसतात. त्या सर्व्हरवर बसलेल्या दुसऱ्याच एका प्रोग्रॅमसाठी असतात, त्याला इंटरप्रिटर म्हणतात.

छापखान्यात लग्नपत्रिकेचा मजकूर देताना आपण मध्येच कंसात लिहितो, ‘इथे गणपतीचं चित्र टाकावे’. जुळारी तो कंस वाचतो, चित्र टाकतो आणि कंसातली ओळ काढून टाकतो. पाहुण्यांना फक्त गणपती दिसतो. जुळाऱ्याच्या हाताखालून न जाता मजकूर थेट मशिनवर गेला, तर पाचशे पत्रिकांवर ‘इथे गणपतीचं चित्र टाकावे’ असंच छापून येतं. पानातला कोड ही अशीच कंसातली सूचना असते.

पीएचपी या भाषेत हा कंस ‘<?’ या खुणेनं उघडतो, तिला चिकटून पीएचपी ही अक्षरं येतात आणि ‘?>’ ने तो मिटतो. मायक्रोसॉफ्टच्या एएसपी घराण्यात तो ‘<%’ ने उघडतो आणि ‘%>’ ने मिटतो. इंटरप्रिटर कंसाबाहेरचं जसंच्या तसं पुढं देतो, कंसातलं चालवून बघतो आणि त्याच जागी उत्तर ठेवतो. ब्राउझरकडे जाताना कंस उरत नाही.

ही सोय तीस वर्षांपूर्वीची आहे. त्याआधी पर्लसारख्या भाषेतला प्रोग्रॅम अख्खं पान ओळीओळीनं छापायचा, म्हणजे एक शब्द बदलायलाही प्रोग्रॅमर लागायचा. ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या रासमुस लेर्डॉर्फनं स्वतःचा बायोडेटा इंटरनेटवर कोण बघतंय ते मोजायला १९९४ मध्ये काही साधनं लिहिली आणि १९९५ मध्ये ती सगळ्यांसाठी खुली केली. त्यातून पीएचपी वाढली. १९९६ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टची एएसपी आली, २००२ मध्ये तिची पुढची पिढी एएसपी डॉट नेट. आता पान साधं राहिलं आणि कोड त्यात जागोजागी पेरला जाऊ लागला. प्रोग्रॅमर नसलेल्या माणसालाही फाइल उघडून फोन नंबर बदलता येऊ लागला. आमच्याकडच्या बहुतेक संस्थांची पानं अशीच, पीएचपीत केलेली. फायदा तोच आणि धोकाही तोच: मजकूर बदलणाऱ्याचा हात कोडच्या शेजारून फिरतो.

आधी कंट्रोल आणि यू

फोन आला की मी पहिल्यांदा विचारतो, “भाऊसाहेब, कॉम्प्युटरवर पान उघडा आणि कंट्रोल दाबून यू दाबा. काय दिसतं?” यानं ब्राउझरला सर्व्हरकडून नेमका काय मजकूर मिळाला तो उघडा होतो. त्यात प्रश्नचिन्हाचा किंवा टक्केचिन्हाचा कंस दिसला, तर कोड चाललेलाच नाही. तो कच्चाच बाहेर आला. कंस कुठंच नाही, पण जिथं भाव किंवा निकाल हवा तिथं रिकामं आहे, तर इंटरप्रिटरनं कोड घेतला होता, पुढं काहीतरी बिनसलं.

पडद्यावर जे दिसतं त्यावर मात्र विसंबू नये. ‘<?’ दिसताच ब्राउझर त्याला टिप्पणी समजतो आणि पहिलं ‘>’ येईपर्यंत सगळं लपवतो. पीएचपीच्या कोडमध्ये ‘->’ असे बाण बरेच असतात. पहिल्या बाणाच्या टोकाला ब्राउझरला वाटतं टिप्पणी संपली, आणि तिथून पुढचा कोड पडद्यावर उमटतो. म्हणून लोक सांगतात, “अर्ध्यातूनच काहीतरी सुरू झालंय.” कोडमध्ये बाण नसेल तर पडद्यावर काहीच येत नाही. तेव्हा पान नुसतं रिकामं दिसतं आणि कोड चालला पण उत्तर आलं नाही असा गैरसमज होतो. ‘<%’ चं तसं नाही. ब्राउझर ती खूण लपवत नाही, सगळं अक्षरशः छापतो. कंट्रोल-यूमध्ये मात्र दोन्ही उघडे पडतात.

कोड कच्चाच बाहेर येतो तेव्हा

याची कारणं मोजकी आणि बरीचशी निरुपद्रवी आहेत.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत नव्वद टक्के वेळा फाइल डबल-क्लिक करून उघडलेली असते. मग ब्राउझर ती थेट डिस्कवरून वाचतो, सर्व्हर मध्ये येतच नाही. पत्त्याच्या पट्टीत सुरुवातीला ‘फाइल’ हा इंग्रजी शब्द दिसला की समजावं. आपल्याच कॉम्प्युटरला सर्व्हर बनवणारं एक्झाम्प बसवलेलं असेल तर फाइल त्याच्या एचटीडॉक्स फोल्डरमध्ये ठेवावी आणि लोकलहोस्ट या पत्त्यानं उघडावी.

दुसरं कारण फाइलचं शेपूट. सर्व्हर फाइल उघडून आत कोड आहे का ते बघत नाही. शेवटी डॉट पीएचपी असेल तरच ती इंटरप्रिटरकडे देतो. डॉट एचटीएमएल असेल तर आत कितीही कोड असो, फाइल सरळ बाहेर. जुन्या होस्टिंगवर कोणीतरी एचटीएमएल फाइलीही इंटरप्रिटरकडे पाठवण्याची ओळ लिहून ठेवलेली असते. होस्टिंग बदललं की ती ओळ मागं राहते, किंवा सोबत येते पण नव्या सर्व्हरला कळत नाही. मग पान उघडण्याऐवजी फाइल डाउनलोड होऊ लागते. तुळजापुरातल्या एका लॉजचं असंच झालं, तेही ऐन नवरात्रात. खोल्यांचे दर बघायला पान उघडलं की भक्तांच्या मोबाइलवर फाइल उतरायची.

तिसरं, आखूड खूण. जुने प्रोग्रॅमर ‘<?’ एवढंच लिहून कोड सुरू करायचे, पुढं पीएचपी ही अक्षरं लिहीत नसत. ही सवलत सर्व्हरच्या एका सेटिंगवर अवलंबून असते आणि पीएचपीसोबत येणाऱ्या नमुना सेटिंग फाइलीत ती बंद असते. याचं कारण असं की एक्सएमएल फाइलीचीही सुरुवात ‘<?’ नंच होते आणि दोघांत गफलत होते. ‘<?=’ ही छोटी खूण मात्र २०१२ च्या ५.४ आवृत्तीपासून नेहमीच चालते. पीएचपीत एएसपीसारखी टक्क्याची खूण वापरण्याचीही सोय होती. २०१५ च्या शेवटी आलेल्या सातव्या आवृत्तीत ती काढून टाकली. त्यामुळं एका सर्व्हरवर वर्षानुवर्षं चाललेलं पान दुसऱ्यावर गेल्या गेल्या कच्चं दिसू शकतं, एक अक्षरही न बदलता.

चौथं कारण हल्ली जास्त भेटतं. वर्डप्रेसच्या लेखात कोणीतरी कोड चिकटवतं आणि तो तसाच छापला जातो. हा बिघाड म्हणता येणार नाही. लेखाचा मजकूर डेटाबेसात साठतो, तो इंटरप्रिटरला चालवायला दिलाच जात नाही, आणि दिला जाऊ नये. नाहीतर लेख लिहिण्याची परवानगी असलेला कोणीही सर्व्हरवर हवं ते चालवू शकला असता. तिथं कोड हवाच असेल तर तो थीममध्ये किंवा प्लगइनमध्ये ठेवून लेखात त्याला बोलावणारा शॉर्टकोड लिहायचा.

एएसपी डॉट नेट वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. तिथं ‘<%=’ साध्या एचटीएमएलमध्ये चालतं, पण सर्व्हरनं स्वतः तयार करायच्या घटकाच्या गुणधर्मात लिहिलं तर चालत नाही, तसंच छापलं जातं. त्यासाठी ‘<%#’ वापरतात, पण ते डेटाबाइंड ही आज्ञा दिल्याशिवाय जागं होत नाही आणि जागा रिकामी राहते. एकाच संस्थेत, एकाच आठवड्यात मी हे दोन्ही पाहिलेत.

श या अक्षरानं केलेला घोळ

आता नाव बदलण्याकडे येतो, कारण इथं कोड पोचतो आणि तरी अडतो.

आपल्याकडच्या जुन्या वेबसाइटींतलं मराठी बऱ्याचदा युनिकोडमध्ये नसतं. कृतीदेवसारख्या फाँटमध्ये टाइप केलेलं असतं. फाइलीत प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात. फाँट त्यांना मराठीचा चेहरा देतो. कृतीदेवमध्ये ‘उस्मानाबाद’ लिहायला नुसती इंग्रजी अक्षरं पुरतात. ‘धाराशिव’ मध्ये मात्र श आहे, आणि कृतीदेवमधला श लिहायला एकेरी अवतरणचिन्हाची कळ दाबावी लागते.

पीएचपीला हे चिन्ह फार महत्त्वाचं. मजकूर कुठं सुरू झाला आणि कुठं संपला ते ती एकेरी अवतरणचिन्हावरून ओळखते. पावतीच्या पानावर कोडच्या आत अवतरणचिन्हांत संस्थेचा पत्ता असतो. क्लार्कनं तिथं ‘उस्मानाबाद’ काढून ‘धाराशिव’ टाइप केलं, पडद्यावर बरोबर दिसलं, सेव्ह केलं. पण पीएचपीच्या दृष्टीनं मजकूर श पाशीच संपला आणि उरलेली अक्षरं तिला न कळणारा शब्द ठरली. व्याकरण चुकलं म्हणून ती फाइल चालवायलाच नकार देते. पान पांढरं, नाहीतर ५०० क्रमांकाची एरर. “नुसतं नाव बदललं” असं सांगणारा क्लार्क अगदी खरं बोलत असतो.

यावर काही जण युक्ती करतात: एकेरीऐवजी दुहेरी अवतरणचिन्हं लावतात. धाराशिव त्यातून सुटतं. पण कृतीदेवमध्ये पोटफोड्या ष दुहेरी अवतरणचिन्हाच्या कळीवर बसलेला आहे. मग पत्त्यात ‘कृषी’ आलं की तोच प्रकार पुन्हा, आणि आमच्या जिल्ह्यात कृषी नसलेली संस्था शोधावी लागेल. त्यामुळं खरा उपाय एकच, सगळा मजकूर युनिकोडमध्ये आणायचा. युनिकोडमधल्या श आणि ष ची स्वतःची जागा आहे. अवतरणचिन्हाशी त्यांचा संबंध येत नाही.

युनिकोडकडे जातानाही एक खड्डा आहे. ऑफिसातल्या जुन्या विंडोजवर नोटपॅडमध्ये मराठी लिहून नेहमीच्या एएनएसआय पर्यायात सेव्ह केलं की मराठीची प्रश्नचिन्हं होतात. मग कोणीतरी यूटीएफ-८ निवडायला सांगतं. जुनं नोटपॅड तो पर्याय निवडल्यावर फाइलीच्या अगदी सुरुवातीला तीन बाइटांची, बीओएम नावाची एक अदृश्य खूण टाकतं. २०१९ च्या विंडोज १० अपडेटपासून हे नेहमीचं वर्तन बदललं, पण आमच्या तालुक्याच्या ठिकाणी विंडोज ७ अजून निवृत्त झालेलं नाही. ती खूण पीएचपीचा कंस उघडण्याआधीच बाहेर पडते. सर्व्हरला पानाआधी काही गोष्टी ब्राउझरला कळवायच्या असतात: हा माणूस लॉगिन झालाय, याला दुसऱ्या पानावर न्या. मजकूर एकदा सुरू झाला की ते कळवता येत नाही. मग पासवर्ड बरोबर असून लॉगिन टिकत नाही. अशा वेळी लॉगमध्ये पहिल्या ओळीकडे बोट दाखवलेलं असतं आणि पहिल्या ओळीत डोळ्यांना काहीच दिसत नाही. नोटपॅड प्लस प्लसमध्ये फाइल उघडून ‘बीओएमशिवाय यूटीएफ-८’ असं सेव्ह केलं की प्रश्न मिटतो.

तिसरा प्रकार उत्साहाचा. सगळ्या फाइलींत उस्मानाबाद शोधून एका फटक्यात धाराशिव करायचं, इंग्रजीसुद्धा. त्यात डेटाबेसचं नाव बदलतं, फोल्डरचा रस्ता बदलतो, ईमेलचा पत्ता बदलतो. डेटाबेस बिचारा अजून उस्मानाबादच असतो. नव्या नावाचा डेटाबेस सापडत नाही म्हणून पान रिकामं. फाइलींची नावंही बदलली असतील तर आणखी एक पेच: विंडोजला लहान-मोठी इंग्रजी अक्षरं सारखीच, लिनक्सला नाहीत. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर चाललेलं पान सर्व्हरवर गेलं की फाइल सापडत नाही म्हणतं. लोकांना दिसणारं नाव बदलायचं. यंत्राला लागणारं नाव तसंच राहिलं तरी कोणाचं काही अडत नाही.

पांढऱ्या पानाचं उत्तर लॉगमध्ये

पान पांढरं होतं ते सर्व्हर गप्प बसलाय म्हणून. एरर लोकांना दाखवू नये असं सेटिंग असतं आणि ते योग्यच आहे, कारण एररमध्ये फोल्डरचे रस्ते आणि डेटाबेसचे तपशील असतात. पण तीच एरर लॉग नावाच्या फाइलीत लिहून ठेवलेली असते. होस्टिंगच्या कंट्रोल पॅनलमध्ये ती सापडते. कुठली फाइल, कितवी ओळ, काय खटकलं, सगळं तिथं असतं. कृतीदेवच्या प्रकरणात लॉगनं ‘के’ आणि ‘ओ’ ही दोन अक्षरं अनपेक्षित आल्याची तक्रार लिहिली होती. कृतीदेवमध्ये ती उमटतात ‘ाव’ अशी: आधी श चा काना, मग व. तिथंच धागा हाती लागला.

होस्टिंगवाल्यानं पीएचपीची आवृत्ती वाढवली की येणारी पांढरी पानंही लॉगमध्येच कळतात. मायएसक्यूएल या डेटाबेसशी बोलण्याची जुनी फंक्शनं सातव्या आवृत्तीतून गेली. ज्यांची पानं त्याआधीची होती ती त्या दिवशी थांबली. अशा वेळी जुनी आवृत्ती परत मागणं ही तात्पुरती सोय. तिला सुरक्षेची दुरुस्ती मिळत नाही.

कच्चा कोड म्हणजे उघडी तिजोरी

पांढरं पान गैरसोयीचं असतं, कच्चं पान धोक्याचं. पुष्कळ पानांत डेटाबेसचा पासवर्ड कोडमध्येच लिहिलेला असतो. कोड बाहेर आला की पासवर्डही बाहेर. हे फक्त छोट्यांचंच होतं असं नाही. ऑगस्ट २००७ मध्ये फेसबुकच्या मुख्य पानाचा पीएचपी कोड काही लोकांना असाच दिसला. एका सर्व्हरची मांडणी चुकली होती असं कंपनीनं सांगितलं. १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस सर्व्हरमध्ये एक भोक सापडलं होतं: एएसपी पानाच्या पत्त्यापुढं दोनदा अपूर्णविराम, डॉलरचं चिन्ह आणि इंग्रजीत डेटा हा शब्द जोडला की पान चालण्याऐवजी त्याचा कोड दिसायचा.

म्हणून कच्चा कोड दिसला की माझा क्रम ठरलेला. आधी पान बंद. मग पासवर्ड बदलायचा, पान काही मिनिटंच उघडं होतं असं कोणी सांगितलं तरी. मग पासवर्डची फाइल लोकांना पोचणाऱ्या फोल्डरच्या बाहेर हलवायची, म्हणजे उद्या इंटरप्रिटर पुन्हा बंद पडला तरी ती बाहेर जाणार नाही. दुरुस्ती त्यानंतर. लॉजच्या मालकांना हा क्रम आवडला नव्हता, त्यांना आधी दर दिसायला हवे होते. पण बुकिंगच्या नोंदींत भक्तांचे फोन नंबर होते, त्यामुळं माझा नाइलाज होता.

ज्यांच्याकडे वेबसाइट आहे आणि प्रोग्रॅमर नाही, त्यांना माझं सांगणं थोडकं आहे. फाइल बदलण्याआधी तिची एक प्रत काढून ठेवा. एका वेळी एकच बदल करा आणि पान उघडून बघा. बिघडलं तर कंट्रोल-यूमध्ये काय दिसलं ते फोनवर सांगा. “बंद पडलं” एवढ्यावरून काही कळत नाही. आणि ज्याच्याकडून वेबसाइट करून घ्याल त्याला सांगा की संस्थेचं नाव, गाव, पत्ता, फोन हे सगळं एकाच वेगळ्या फाइलीत ठेव, बाकीची पानं तिथून घेतील. नाव बदलण्याच्या धामधुमीत ज्यांची पानं अशी होती त्यांचा मला फोनच आला नाही. त्यांनी एक ओळ बदलली आणि चहाला गेले. जिल्ह्याचं नाव रोज बदलत नाही हे खरं, पण प्राचार्य, प्रवेश शुल्क आणि खोल्यांचे दर तर दरवर्षी बदलतात.